डोळ्यातली बाहुली

माझी भाची तीन-साडेतीन वर्षांची होती. तापातून नुकतीच उठलेली, त्यामुळे दिवसभर मांडीवरून उतरायला तयार नव्हती. गोष्टी संपल्या, गाणी संपली. मग ती माझा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळ्यांत टक लावून बघत बसली आणि थोड्या वेळाने अगदी गंभीरपणे म्हणाली, "मावशी, तुझ्या डोळ्यात मी आहे. एवढुशी. तू मला आत कधी ठेवलंस?"

मला काही उत्तर सुचलं नाही. पण त्या रात्री एक जुना शब्द डोक्यात घोळत राहिला. शाळेत इंग्रजीच्या वहीत मी 'प्यूपिल' या शब्दापुढे दोन अर्थ लिहिले होते: एक, विद्यार्थी; दोन, डोळ्याची बाहुली. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असं विचारल्यावर 'इंग्रजीत असंच असतं, पाठ कर' एवढंच उत्तर मिळालं होतं. मी पाठ केलं. इंग्रजीचे सगळेच शब्द तेव्हा असे पाठ करायचे असत, दगड मोजून पिशवीत भरावेत तसे.

लॅटिनमध्ये 'पूपा' म्हणजे मुलगी, आणि बाहुलीसुद्धा. तिचं लाडकं, लहान रूप 'पूपिल्ला'. समोरच्या माणसाच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिलं, की काळ्या वर्तुळात आपलीच बोटभर प्रतिमा दिसते. ती बोटभर बाहुली म्हणजे पूपिल्ला. आणि दुसऱ्याच्या देखरेखीखाली वाढणारं पोरकं, अजाण मूल म्हणजेही पूपिल्लुस किंवा पूपिल्ला. तिथून शिकणारं मूल, विद्यार्थी. ग्रीकांचा 'कोरे' हा शब्द मुलगी आणि डोळ्याची बाहुली या दोन्हींसाठी आहे. हिब्रूतला 'ईशोन' म्हणजे छोटा माणूस, डोळ्यातला. संस्कृतात कनीनिका म्हणजे धाकटी मुलगी, आणि कनीनिका म्हणजे डोळ्यातलं तेच काळं वर्तुळ. आणि मराठीत? मराठीत तर सरळ बाहुलीच.

विज्ञानाच्या वहीत डोळ्याची आकृती काढून, बाण दाखवून 'बाहुली' असं नाव मी कितीदा दिलं असेल. ती खेळण्यातली बाहुली आहे, हे मला एकदाही जाणवलं नव्हतं. माझ्याच भाषेतला शब्द मला इंग्रजीच्या दारातून आत येऊन दिसला. आणि ज्या साडेतीन वर्षांच्या पोरीला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिने तो स्वतःच्या डोळ्यांनी नव्याने शोधला होता.

तेव्हापासून शब्दकोशात अर्थाच्या शेजारी, चौकटी कंसात, बारीक टाइपात जी व्युत्पत्ती छापलेली असते ती मी आधी वाचते. अर्थ नंतर.

या नादात पहिला धक्का बसला तो 'न्यूज' या शब्दाने. लहानपणी वर्गात फळ्यावर चार दिशांची आद्याक्षरं मांडून आम्हाला सांगितलं होतं: नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, चारी दिशांकडून येते ती न्यूज. मला ते इतकं आवडलं होतं की पुढे कित्येक वर्षं मी ते दुसऱ्यांना सांगत आले. खरी गोष्ट साधी आहे. 'न्यू' म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन न्यूज, म्हणजे नवी नवी वर्तमानं. फ्रेंचमध्येही 'नूव्हेल' असंच. दिशांचा काही संबंध नाही. मग 'पॉश' गेला: भारताच्या बोटप्रवासात जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची सावलीची खोली मिळवणारे श्रीमंत प्रवासी, त्यांच्या तिकिटावरची 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' ही आद्याक्षरं, ही कथा तर फार रंगवून सांगतात. तसं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. आद्याक्षरं जोडून शब्द घडवण्याची चाल मुळात विसाव्या शतकात फोफावली, त्यामुळे जुन्या शब्दाची अशी गोष्ट कानावर आली की मी सावध होते. 'सॅलरी'चंही थोडं तसंच. तिच्यात मिठाचा लॅटिन शब्द आहे हे खरं. पण रोमन सैनिकांच्या ओंजळीत पगार म्हणून मीठ घालत, याला त्या काळातला पुरावा नाही. आपल्याला मात्र ती कथा चटकन पटते, कारण खाल्ल्या मिठाला जागणं आपल्या भाषेत आधीच होतं.

गोड कथा हातातून गेल्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खऱ्या गोष्टी या रचलेल्या गोष्टींपेक्षा कितीतरी सुंदर निघाल्या.

'विंडो'च घ्या. नवव्या-दहाव्या शतकांत उत्तरेकडून आलेले व्हायकिंग इंग्लंडमध्ये वसले, त्यांच्या नॉर्स भाषेतला हा शब्द. 'व्हिंड' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. काचा नसलेल्या घराच्या भिंतीतलं भोक, ज्यातून घर बाहेर बघतं आणि वारा आत बघतो. त्याआधी इंग्रजीत जो शब्द होता त्याचाही अर्थ 'डोळा-भोक' असाच होता. त्यातलं 'भोक' आता फक्त 'नॉस्ट्रिल'मध्ये, नाकपुडीत, तग धरून आहे. आणि आपल्याकडे गवाक्ष: गो आणि अक्ष, बैलाचा डोळा. उत्तरेच्या थंड समुद्रावरच्या माणसांनी संस्कृत ऐकलं नव्हतं, संस्कृत बोलणाऱ्यांनी त्यांची लाकडी घरं पाहिली नव्हती. भिंतीतल्या भोकाकडे पाहून दोघांनाही डोळाच आठवला.

'मसल' म्हणजे उंदराचं पिल्लू. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर, त्याचं 'मूस्कुलुस' हे छोटं रूप. कोपरातून हात दुमडला की कातडीखाली काहीतरी टुणकन वर येतं आणि हात सोडला की पळून जातं. रोमनांना तो उंदीर वाटला. आपल्याला तिथे बेडकी दिसली. दंडाची बेटकुळी काढून दाखवणारी मुलं पाहिली की आता मला त्या इवल्याशा बेडकीच्या शेजारी रोमचा उंदीर बसलेला दिसतो.

मात्र ज्या शब्दाने मला खरंच थांबवलं, तो 'क्लू'. गुन्ह्याचा क्लू, कोड्याचा क्लू. जुन्या इंग्रजीत हा शब्द म्हणजे दोऱ्याचा गुंडा, बस. ग्रीक पुराणकथेत थीसियस हा वीर मिनोटॉर नावाच्या बैलतोंड्या राक्षसाला मारायला भुलभुलैयात शिरतो. राजकन्या आरिआड्नी त्याला दोऱ्याचा गुंडा देते. तो दोरा उलगडत आत जातो आणि त्याच दोऱ्यामागे परत बाहेर येतो. ही कथा इंग्रजीत इतकी रुजली, की अडचणीतून वाट दाखवतो तो गुंडा असा अर्थ झाला, आणि पुढे गुंडा विसरून नुसता माग, पुरावा उरला. हे वाचलं त्याच दिवशी वर्तमानपत्रात एका चोरीची बातमी होती आणि तिच्यात वाक्य होतं, 'पोलिसांच्या हाती महत्त्वाचे धागेदोरे लागले आहेत.' हे वाक्य मी जन्मभर वाचत आले. त्यात धागा आहे, दोरा आहे, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आपल्या धाग्यादोऱ्यांमागे कुठली राजकन्या नाही. तरी अंधारात हाताला एखादं टोक लागावं आणि ते धरून हळूहळू पुढे जावं, हा अनुभव माणसाला सगळीकडे एकाच रूपात भेटला असणार.

'डिअर' म्हणजे हरीण. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'देओर' म्हणजे कुठलंही जनावर. जर्मनमध्ये 'टीअर' आजही कुठलंही जनावरच आहे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्येही उंदीर-घुशींना 'स्मॉल डिअर' म्हटलेलं आहे. 'विल्डरनेस' या शब्दाच्या पोटातही हेच रानटी जनावर दडलं आहे: जिथे फक्त जनावरं राहतात तो प्रदेश. मग शिकारीमुळे असेल, हा व्यापक शब्द आकसत आकसत एका हरणापाशी येऊन थांबला, आणि बाकीच्या प्राण्यांसाठी लॅटिनमधून 'ॲनिमल' आणावा लागला.

आता मृग. संस्कृतात मृग म्हणजे मुळात कुठलंही रानातलं जनावर. म्हणून सिंह हा मृगेंद्र, म्हणून माकड हे शाखामृग, म्हणून शिकार ही मृगया. लहानपणी सिंहाला मृगराज का म्हणतात हे मला कळत नसे. हरणांना खाणारा तो हरणांचा राजा कसा? कोणी नीट सांगितलं नाही. मृगसुद्धा आकसत आकसत हरणापाशी येऊन थांबला. 'देओर' आणि 'मृग' यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. दोन वेगळ्या भाषांच्या रानांत, दोन वेगळे शब्द, एकाच वाटेने चालत त्याच प्राण्यापाशी पोचले. याचं मला अजून नवल वाटतं.

संबंध कुठे आहे आणि कुठे नाही, हे कळायला मात्र कानावर विसंबून चालत नाही. इंग्रजी 'बॅड' आणि बदनाम, बदसूर यांतला फारसीतून आलेला 'बद': ध्वनी तोच, अर्थ तोच, नातं शून्य. 'डे' आणि दिवस: दोन्हींच्या सुरुवातीला द-ड सारखा आवाज, अर्थ एकच, तरी नातं नाही. दिवसाचं नातं आहे ते 'डेइटी'शी, कारण देव आणि दिवस दोघेही उजेडाच्या धातूतून आले. याउलट 'व्हील' आणि चाक कानाला परके वाटतात, पण ते सख्खे आहेत. एकाच प्राचीन शब्दातून संस्कृतात चक्र झालं, ग्रीकमध्ये 'किक्लोस' आणि इंग्रजीत 'व्हील'. पुढे ग्रीक वाटेने 'सायकल' आली. मराठीत आपण सायकलचं चाक म्हणतो, तेव्हा एकाच घराण्यातले दोन वंशज हजारो वर्षांनी शेजारी बसलेले असतात.

हे घराणं आहे असं इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने येणं शक्य नाही, त्यांचा उगम एक असला पाहिजे, आणि तो उगम आज कदाचित उरलेलाही नसेल, असं ते म्हणाले. मग १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी ध्वनिबदलांचे नियम मांडले. जिथे संस्कृतात 'प', तिथे इंग्रजीत 'फ': पितृ आणि फादर, पाद आणि फुट, पंच आणि फाइव्ह. जिथे 'द', तिथे 'ट': दंत आणि टूथ, दश आणि टेन. लोककथा गोळा करणारे ग्रिम बंधू आपल्याला ठाऊक असतात, त्यांतलेच हे थोरले. पहिल्यांदा हा तक्ता पाहिला तेव्हा गणिताचं एखादं अवघड उदाहरण सुटावं तसा आनंद झाला होता.

माझ्या लाडक्या घराण्याबद्दल सांगते. 'चमकणे' अशा अर्थाच्या एका प्राचीन धातूतून संस्कृतात चंद्र आला. त्याच धातूतून लॅटिनमध्ये 'कांदेला' आली, म्हणजे मेणबत्ती, इंग्रजीतली 'कँडल'. तीच कांदेला ग्रीक आणि अरबीतून फिरत आपल्याकडे कंदील होऊन आली. लॅटिनमध्ये 'कांदिदुस' म्हणजे लखलखीत पांढरा. रोममध्ये निवडून येऊ पाहणारे लोक खडूने शुभ्र केलेला झगा घालून मतं मागत फिरत, म्हणून ते 'कॅन्डिडेट', शुभ्रवस्त्रधारी. परीक्षेच्या हॉलतिकिटावर आपलं नाव लिहितात तिथे छापलेला हा शब्द, छतावरचा कंदील आणि वरचा चंद्र, सगळे एकाच उजेडातले.

याच वाटेवर एक शब्द भेटला, ज्याने मला अस्वस्थ केलं. विधवा. शाळेत संस्कृतच्या तासाला फोड शिकलो होतो: वि अधिक धव, धव म्हणजे नवरा, तो जिला नाही ती. पण विधवा हा शब्द संस्कृतपेक्षाही जुना आहे. लॅटिन 'विदुआ', रशियन 'वदोवा', इंग्रजी 'विडो' ही त्याचीच भावंडं. त्याच्या मुळात बहुधा 'रिकामं होणं, वेगळं पडणं' एवढंच आहे. नवरा त्यात नाहीच. नंतरच्या लोकांना सुरुवातीचा 'वि' हा उपसर्ग वाटला, तो काढल्यावर 'धव' उरला, आणि त्याला नवरा हा अर्थ मिळाला, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे त्या एकट्या बाईच्या शब्दाची मोडतोड करून तिच्या नवऱ्यासाठी शब्द घडवला गेला, आणि मग त्यातून सधवाही घडली. इंग्रजीत 'पीज' हा शब्द एकवचनी होता. शेवटचा आवाज अनेकवचनाचा समजून लोकांनी तो छाटला आणि 'पी' तयार केला. क्रिया तीच. पण वाटाण्याच्या बाबतीत ते वाचून हसू येतं. विधवेच्या बाबतीत आलं नाही.

अनोळखी आवाजात ओळखीचा आवाज ऐकायची ही सवय सगळ्यांना असते. आपलं मुंगूस सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत गेलं आणि तिथे त्याच्या शेपटीला हंस, म्हणजे 'गूस', चिकटला: 'मंगूस'. आता इंग्रजी बोलणाऱ्यांनाही क्षणभर प्रश्न पडतो, अनेकवचन हंसासारखं करायचं का? करायचं नाही. तो हंस नाही, मराठी मुंगूस आहे.

शब्दांचे अर्थ घसरतात ते पाहताना मला नेहमी माणसं आठवतात. 'नाइस' हा लॅटिन 'नेस्कियुस'पासून, म्हणजे अजाण. इंग्रजीत तो आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख असा होता. मग नाजूक, चोखंदळ, काटेकोर असं करत तो छान झाला. 'सिली' बरोबर उलट्या दिशेने गेला. जुन्या इंग्रजीत 'सेलिग' म्हणजे धन्य, ईश्वराची कृपा झालेला. जर्मन 'झेलिग' अजूनही तिथेच आहे. धन्य माणूस निष्पाप असतो. निष्पाप माणूस बिचारा असतो. बिचारा माणूस दुबळा, आणि दुबळा तो शेवटी खुळा. प्रत्येक पायरी किती लहान आहे, आणि सातशे-आठशे वर्षांत केवढी घसरण. आपल्याकडेही एखाद्याला 'देवमाणूस' म्हणताना आवाज कधीकधी किंचित खाली येतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं की या माणसाला व्यवहार जमत नाही असं सुचवायचं आहे. तो शब्द अजून वरच्याच पायरीवर उभा आहे. मला त्याची काळजी वाटते. शिक्षा या शब्दाचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. शिकवण होती, मराठीत तिची छडी झाली.

हे सगळं कोणीतरी टिपून ठेवलं म्हणून कळतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचं संपादन जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये हाती घेतलं. दहा वर्षांत चार खंड, असा अंदाज होता. बागेतल्या पत्र्याच्या खोलीत, हजारो वाचकांनी पाठवलेल्या लाखो चिठ्ठ्या फडताळांत लावत काम सुरू झालं. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग निघाला तो 'अँट'पर्यंत पोचला होता. मुंगीपर्यंत! मरे १९१५ मध्ये गेले. शब्दकोश पुरा झाला १९२८ मध्ये. एवढ्या सावधपणातूनही एक शब्द निसटला. त्याच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि खंड छापून निघाला. शब्द होता 'बॉन्डमेड', म्हणजे बांधलेली दासी. १९३३ च्या पुरवणीत तिला जागा मिळाली. लाखो शब्दांमधून नेमकी तीच हरवावी, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते.

आणि काही शब्दांपाशी पोचल्यावर एवढे मोठे शब्दकोशही थांबतात; कंसात फक्त 'उगम अज्ञात' असं लिहिलेलं असतं. गंमत अशी, की ते फार अवघड शब्द नसतात. 'डॉग' त्यांतलाच. कुत्र्यासाठी जुन्या इंग्रजीत 'हुंड' होता, आजचा 'हाउंड', आपल्या श्वानाचा सख्खा भाऊ. मग 'डॉग' हा शब्द कुठूनसा आला आणि सोळाव्या शतकापर्यंत त्याने घर ताब्यात घेतलं. हाउंड शिकारीपुरता उरला. मराठीत श्वान पोलिसांच्या पथकात आणि दवाखान्याच्या फलकावर उरला. घरात, अंगणात कुत्रा. कुत्राही श्वानापासून आलेला नाही. दोन्हीकडे वडिलोपार्जित, वंशावळ असलेला शब्द बाजूला बसला आणि पायापाशी येऊन लोळणारा शब्द कोणाचा कोण, कोणालाच ठाऊक नाही.

भाचीला हे सांगितलं, तेव्हा ती दहा वर्षांची झाली होती. तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "कोणीतरी पहिल्यांदा तशी हाक मारली असेल, आणि तो आला असेल."